प्रति: गणपतीत गावी अन्नदान
वर चाकरमान्यांनी वर्गणी काढून गणपतीत महाप्रसाद घालायचं सुचवलंय. जरूर घाला, पण किनाऱ्यावरच्या मासेमार घरांची ओढाताण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. पुढेही दर्या खवळलेला असला तर होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्याच (झाकून ठेवलेल्या) राहतात. खलाशाच्या हातात पैसा नाही, मासळीवालीची टोपली रिकामी, आणि गणपती तर आणायचाच. मग वाण्याकडे उधारी चढते. ही माणसं पंगतीला बसतील, पण मागायला कधीच यायची नाहीत. म्हणून निम्मी वर्गणी श्रावणातच वापरा. दुकानदाराला गाठून अशा दोन-चार घरांची उधारी गुपचूप फेडा, नाहीतर उकडे तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, गूळ घरपोच द्या. नारळ विसरू नका, मोदकांना तोच आधी लागतो.

आणि या घरांची रेशनकार्डं बघा, हक्काचं धान्य मिळतंय ना ते. अंत्योदय (अगदी गरीब घरांच्या) कार्डाला महिन्याला कुटुंबामागे ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. एकट्या म्हाताऱ्यांचे बोटांचे ठसे रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाहीत, तिथेच गाडं अडतं. विसर्जनानंतर एक दिवस जास्त राहा आणि त्यांना तहसील कचेरीत घेऊन जा.