मल्टिपल स्क्लेरोसिसची विचित्र लक्षणे: कोणती सोसायची आणि कोणती लगेच कळवायची?

सांजवारा:

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एम.एस.) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. सुरुवात डाव्या डोळ्याची दृष्टी अंधुक होण्याने झाली. स्टिरॉइडच्या उपचारानंतर ती बरीचशी परत आली आणि आता आजार आटोक्यात ठेवणारे औषध नियमित सुरू आहे. चालणे, फिरणे, नोकरी हे सगळे बऱ्यापैकी जमते. माझा प्रश्न आहे तो अधूनमधून जाणवणाऱ्या अशा काही लक्षणांविषयी, जी दुसऱ्याला सांगायची म्हटली तरी संकोच वाटतो.

बुटाची नाडी बांधताना हनुवटी छातीकडे गेली, की मानेपासून कण्यातून थेट पायांपर्यंत करंट लागल्यासारखी सणक जाते आणि मान सरळ करताच ती थांबते. कडक पाण्याने अंघोळ केली, की त्याच डाव्या डोळ्यापुढे सगळे धुरकट होते आणि अंग निवल्यावर पुन्हा स्वच्छ दिसू लागते. उजव्या नडगीवरून गार पाणी ओघळत असल्याचा भास होतो, पण हात लावून पाहावे तर त्वचा अगदी कोरडी असते. कधी बरगड्यांभोवती कुणी रुंद पट्टा आवळत आहे असे वाटते.

यातले प्रत्येक लक्षण म्हणजे आजाराचा नवा झटका समजायचा का? दर वेळी डॉक्टरांना फोन करणे बरे वाटत नाही आणि न केला तर जीव टांगणीला लागतो. घरी सांगितले तर काळजी वाढते, म्हणून मी बहुतेक वेळा गप्पच राहते. ज्यांना याचा अनुभव आहे, त्यांनी कृपया लिहावे.

पाऊलवाट:

सांजवारा, आपण लिहिलेले जवळजवळ सगळे मी अनेक वर्षे अनुभवत आहे. त्यामुळे सर्वांत आधी हे सांगते, की यातले काहीही मनाचे खेळ नाहीत. या लक्षणांना वैद्यकशास्त्रात नावे आहेत आणि ती का होतात, हेही पुष्कळ अंशी ठाऊक आहे.

वायरवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे आपल्या मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. एम.एस.मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. आवरण विरळ झालेला तंतू संदेश उशिरा पोहोचवतो, कधी मुळीच पोहोचवत नाही, तर कधी कोणतेही कारण नसताना स्वतःहून संदेश सोडतो. नडगीवरच्या पाण्याचा भास हा या शेवटच्या प्रकारातला आहे. त्वचेला काहीच झालेले नसते, परंतु त्या भागाची खबर मेंदूकडे नेणारी वाट बिघडलेली असते आणि मेंदू आलेल्या चुकीच्या खबरेचा आपल्या परीने अर्थ लावतो. माझ्या पोटरीत कित्येकदा खिशातला मोबाइल थरथरावा तशी थरथर होते, आणि खिशात मोबाइल नसताना होते.

मान वाकवल्यावर जाणाऱ्या सणकेला लेर्मिट यांचे लक्षण म्हणतात. फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञ झाँ लेर्मिट यांनी 1924 मध्ये त्यावर सविस्तर लिहिले, म्हणून त्यांचे नाव चिकटले. त्यापूर्वी इतरांनीही त्याची नोंद केलेली होती. मानेच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेली असली, की मान वाकवताना तेथील तंतूंवर ताण येतो आणि ते उद्दीपित होतात. सणक भयंकर वाटते, पण त्या वाकण्याने नवी इजा होते असे नाही. मी नाडीचे बूट सोडून दिले आणि वाचताना पुस्तक डोळ्यांच्या पातळीवर धरू लागले, त्याने बराच फरक पडला.

डोळ्यापुढील धुरकटपणाविषयी जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी 1890 मध्ये लिहिले होते. त्यांनी ते व्यायामानंतर पाहिले आणि पुढे लक्षात आले, की खरे कारण शरीराचे वाढलेले तापमान आहे. आवरण गमावलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पार होत असतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तेवढेही जमेनासे होते आणि अंग निवले की पुन्हा जमते. निदानाची आधुनिक साधने नव्हती त्या काळी रुग्णाला गरम पाण्यात बसवून या आजाराची परीक्षा करत असत. म्हणून अंघोळीचे पाणी कोमट ठेवावे, व्यायाम दिवसाच्या थंड वेळी करावा आणि आधी गार पाणी प्यावे. मात्र उष्णतेच्या भीतीने व्यायाम अजिबात सोडू नये, कारण स्नायूंची ताकद एकदा गेली, की ती परत मिळवणे फार जड जाते.

कृष्णमेघ:

माझ्या पत्नीला हा आजार आहे, त्यामुळे मी केवळ घरच्यांच्या बाजूने लिहितो. ताई, आपण गप्प राहता तेव्हा आम्हाला काही कळत नाही असे कृपया समजू नका. चेहरा बदललेला दिसतो, कारण कळत नाही, आणि मग आम्ही सांगितलेल्या लक्षणापेक्षा वाईटच कल्पना करत बसतो. आमच्याकडे आता तिने फक्त एवढेच सांगायचे ठरले आहे, की "हे जुनेच आहे" किंवा "हे नवे आहे". जुने असेल तर मी प्रश्न विचारत नाही, हातातले काम घेतो आणि तिला बसू देतो. हे साधे शब्द ठरायला आम्हाला फार काळ लागला. विशेषतः तिचा थकवा समजून घेणे मला अवघड गेले, कारण रात्रभर शांत झोप झालेली व्यक्ती सकाळी दात घासून पुन्हा आडवी होते, हे बाहेरून पाहणाऱ्याला आळसासारखे दिसते. हा थकवा या आजाराच्या अगदी नेहमीच्या लक्षणांपैकी एक आहे, हे घरातल्या प्रत्येकाला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावे असे मी आग्रहाने सुचवीन.

वाटाड्या:

मी मज्जातंतुविकारांच्या विभागात डॉक्टर आहे. येथे कुणाचे निदान करता येत नाही, पण मूळ प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर देता येईल.

नवा झटका, म्हणजे ज्याला आम्ही रिलॅप्स म्हणतो, तो ठरवताना लक्षण नवे आहे किंवा जुनेच स्पष्टपणे वाढले आहे, ते किमान 24 तास टिकले आहे आणि ताप किंवा संसर्ग हे त्याचे कारण नाही, हे पाहिले जाते. गरम अंघोळीनंतर येणारा आणि अंग निवल्यावर जाणारा धुरकटपणा या व्याख्येत बसत नाही. जुनी लक्षणे एकाएकी उफाळून आली, तर प्रथम संसर्ग शोधावा, त्यातही लघवीचा, कारण अनेकदा जळजळ न होता तो केवळ पायांतील अशक्तपणा वाढवून आपले अस्तित्व दाखवतो. अशा वेळी संसर्गावर उपचार केले, की लक्षणे ओसरतात; स्टिरॉइडची गरज पडत नाही आणि संसर्ग असताना ते दिल्याने नुकसानही होऊ शकते. खऱ्या झटक्यातही स्टिरॉइडने सुधारणा लवकर होते, परंतु अखेरीस किती सुधारणा होईल हे त्याने फारसे बदलत नाही. म्हणून एका रात्रीच्या विलंबाने सर्व काही हातचे गेले, असे मानू नये.

मला खरी काळजी वाटते ती उलट बाजूची. एकदा एम.एस.चे निदान झाले, की शरीरातील प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर टाकण्याची सवय रुग्णाला लागते आणि आम्हा डॉक्टरांनाही लागते. बरगड्यांभोवतीचा आवळ मज्जारज्जूतील जखमेमुळे येतो हे खरे, पण छातीतील नवे दुखणे, विशेषतः श्रमाने वाढणारे किंवा घाम आणि धाप यांसह येणारे, हृदयाची तपासणी होईपर्यंत एम.एस.चे मानू नये. मानेतील सणक बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा मणक्यातील चकतीचा दाब मज्जारज्जूवर आल्यानेही येते. लघवी अडणे, दृष्टी झपाट्याने जाणे, पायांतील ताकद तासातासाने कमी होणे किंवा चेहरा एकाएकी वाकडा होऊन बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर 24 तासांचा नियम बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

सांजवारा:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आणखी एक गोष्ट लिहायची राहिली होती. अलीकडे डाव्या हाताची बोटे अचानक आत वळतात आणि मनगट ताठ होऊन दुखते. मिनिटभरात सगळे पूर्ववत होते, पण दिवसातून अनेकदा असे होते. दर वेळी ते इतके थोडा वेळ टिकते, की 24 तासांच्या हिशेबात हे बसतच नसेल, म्हणून कुणाला सांगितले नाही.

वाटाड्या:

हे मात्र येत्या एकदोन दिवसांत आपल्या डॉक्टरांना अवश्य कळवावे. काही सेकंद ते दोन मिनिटे टिकणारे, सारख्याच स्वरूपाचे आणि वारंवार येणारे असे आचके एम.एस.मध्ये होतात. एकेक आचका क्षणभराचा असला, तरी ते दिवसभर आणि त्याहून अधिक काळ येत राहिले, तर त्या सगळ्यांची मिळून झटका म्हणून गणना होऊ शकते. शिवाय ही तक्रार सोसत बसण्याची नाही, कारण कार्बामाझेपिनसारख्या औषधाच्या लहान मात्रेनेही ती बहुधा आटोक्यात येते. फिट येण्याच्या आजारात हेच औषध वापरतात, त्यामुळे चिठ्ठीवर ते पाहून घाबरू नये. त्याने गुंगी येऊ शकते आणि रक्तातील सोडियम कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टर मधूनमधून रक्त तपासतात. अंगावर पुरळ उठले तर पुढची गोळी न घेता त्यांना त्याच दिवशी सांगावे.

तपासणीच्या वेळी आचका येईलच असे नाही. घरातील कुणाला तरी मोबाइलवर त्याचे चित्रण करायला सांगा आणि त्यात कोपरापासून बोटांपर्यंतचा हात आणि आपला चेहरा दोन्ही दिसतील असे पाहा. हात उचलल्यावर, जोरात श्वास घेतल्यावर किंवा चालू लागल्यावर तो सुरू होतो का, हेही लिहून ठेवावे.