मिठामुळे वजन वाढते, की केवळ काटा पुढे सरकतो?

प्रश्न (उंबरठा):
गेले दोन महिने मी रोज सकाळी काही खाण्यापूर्वी वजन करून वहीत नोंदवतो. शनिवारी ७१.४ किलो असलेले वजन सोमवारी ७२.९ भरले. मधले दोन दिवस बाहेरचे, बऱ्यापैकी खारट जेवण झाले होते. मात्र मी पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो नव्हतो. सोमवारी संध्याकाळी मोजे काढले, तेव्हा घोट्याच्या वर विणीचा वळ इतका खोल उमटला होता की तो अर्धा तास तरी हटला नाही. याच महिन्यात रक्तदाब १३८/८८ निघाल्यामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले आहे. मिठात उष्मांक नसतात, मग हे दीड किलो आले कोठून? आणि मीठ कमी केल्यास पोटाचा घेरही उतरेल का?

प्रतिसाद १ (तराजू):
ते दीड किलो बहुतांशी पाणी आहे. शिरेतून देतात त्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, कारण रक्ताच्या क्षारतेशी ते जवळपास जुळते. शरीर ही क्षारता सहसा ढळू देत नाही. त्यामुळे जास्तीचे मीठ पोटात गेले की तहान लागते, मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात आणि लघवीवाटे ते मीठ निघून जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-चार दिवस, ते पाणी अंगात मुरून राहते. ढोबळ हिशोब असा, की अंगात साठलेल्या दर ९ ग्रॅम मिठामागे सुमारे एक किलो. दीड किलो चरबी चढण्यासाठी तुम्हाला त्या दोन दिवसांत गरजेपेक्षा दहा हजारांहून अधिक कॅलरी खाव्या लागल्या असत्या, आणि तेवढे खाल्ले असते तर ते तुमच्या लक्षात आल्यावाचून राहिले नसते. घेर मात्र मिठाने उतरणार नाही. मीठ तोडून आठवड्यात दोन किलो घटल्याचे जे सांगतात, त्यांचेही बव्हंशी पाणीच उतरलेले असते.

प्रतिसाद २ (अळणी):
हिशोब मान्य, पण ‘पाणीच तर आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नये. काटा पूर्ववत झाला तरी रोजच्या जास्त मिठाने रक्तदाब चढा राहतो, आणि त्यातून पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडांचे आजार यांचा धोका वाढतो. हे नुकसान वजनकाट्यावर कधीच दिसत नाही. शिवाय खारट पदार्थ हात थांबू देत नाहीत आणि त्यांच्या सोबतीला गोड पेये येतात. चरबी वाढते ती या वाटेने. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, मीठ सुचवले आहे. वेष्टनावर सोडियम लिहिलेले असते, त्याला अडीचने गुणावे. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. (गुलाबी आणि खडे मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नयेत.) मीठ हळूहळू कमी केल्यास काही आठवड्यांत जीभ रुळते.

प्रतिसाद ३ (सावधपणे):
एक इशारा द्यावासा वाटतो. कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग पोटॅशियमने भरून काढलेला असतो. निरोगी माणसाला ते चालते. परंतु मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असतील, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. आमच्या घरी वडिलांनी असे मीठ कोणालाही न विचारता सुरू केले होते, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत आकडा वर दिसला म्हणूनच ते उघडकीस आले. तसेच पायांची सूज आठवडाभरात ओसरली नाही, किंवा तिच्यासोबत दम लागू लागला, तर दोष मिठावर न टाकता तपासणी करून घ्यावी.

उंबरठा:
सर्वांचे आभार. आज गुरुवारी वजन ७१.६ भरले आणि वळही उमटला नाही. वेष्टने वाचायला बसलो, तेव्हा खरा धक्का न्याहारीच्या पावाने दिला: १०० ग्रॅममध्ये ४८० मिलिग्रॅम सोडियम, आणि माझे चार काप भरतात १२० ग्रॅम, म्हणजे जिभेला जराही खारट न लागता सकाळीच जवळजवळ दीड ग्रॅम मीठ पोटात जाते. वहीत वजनाच्या शेजारी आता रक्तदाबाचा रकाना आखला आहे.