एक्स्टर्नल डिस्क घेतलेली असते, बॅकअप मात्र नसतो. नेमकं अडतं कुठे?

कळफलक

घरगुती आणि छोट्या ऑफिसांची मशीन सांभाळणाऱ्या मंडळींना विचारायचं आहे.

"लोकांना माहीतच नसतं" हे कारण आता पटत नाही. बॅकअप घेणारी सोय मॅकवर (टाइम मशीन) २००७ पासून आहे, विंडोजवर (फाइल हिस्टरी) २०१२ पासून. दोन्हींना वेगळे पैसे पडत नाहीत. एक्स्टर्नल डिस्कही बऱ्याच घरांत असते, फक्त ती लग्नाच्या व्हिडिओसकट कपाटात पडून असते. मशीन बंद पडलं की मग "डेटा निघेल ना हो?" सुरू.

आळस हे उत्तर कृपया नको. हीच माणसं विम्याचा हप्ता चुकवत नाहीत, रिटर्नही मुदतीत भरतात. मग इथेच काय होतं? आणि कॉम्प्युटरशी बेताचीच ओळख असलेल्या माणसाला काय लावून द्यावं, म्हणजे ते नंतर चालू राहील? नमुना म्हणून हे धरा: विंडोज ११ चा लॅपटॉप, ५१२ जीबीची एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क), त्यात सी आणि डी असे दोन भाग, डेटा २०० जीबी. फोटो, वर्ड-एक्सेल, टॅली, थोडं मराठी डीटीपी.

बिनतारी

अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: "सी आणि डी असे दोन भाग". आपल्याकडे मशीन जोडून देणारा पहिल्याच दिवशी सांगतो, काम डीवर ठेवा, सी उडालं तरी डी शाबूत राहतं. विंडोज पुन्हा टाकण्यापुरतं ते खरंही आहे, कारण फॉरमॅट फक्त सी होतो. पण डी ही वेगळी डिस्क नव्हे, त्याच एसएसडीवर मारलेली रेघ आहे. एसएसडी गेली किंवा लॅपटॉप चोरीला गेला की दोन्ही एकदम जातात. हा सल्ला इतकी वर्षं आणि इतक्या ठिकाणी दिला गेलाय, की पुष्कळांच्या मते त्यांच्याकडे बॅकअप आहेच. मग आणखी एक कशाला घेतील?

दुसरा समज वनड्राइव्ह आणि गूगल फोटोजचा. ते सिंक आहे. इथे खोडलं की तिथेही खोडलं जातं (गूगल फोटोजमध्ये त्याच अ‍ॅपमधून खोडलं तर). वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात खोडलेली फाइल ३० दिवस रीसायकल बिनमध्ये राहते, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही ३० दिवस, गूगल फोटोजवर चढलेला फोटो ६० दिवस. मार्चमध्ये चुकून उडालेलं फोल्डर जुलैत रिटर्नच्या वेळी आठवलं, तर ते कुठेच नसतं. शिवाय वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच उचलतं, डीला हात लावत नाही. म्हणजे काम डीवर आणि राखण सीची! फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की सिंक थांबतं आणि टास्कबारच्या कोपऱ्यातला इशारा महिनोन्‌महिने तसाच राहतो.

आता विम्याचं. विम्याला तारीख असते, पावती मिळते, एजंटचा फोन येतो, आणि हप्ता भरला की विषय संपतो. बॅकअपला यातलं काहीच नाही. नीट झाला तरी काही दिसत नाही आणि झाला नाही तरीही काही दिसत नाही. त्यात डिस्का बऱ्यापैकी टिकतात. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या हार्ड डिस्कची आकडेवारी छापते, त्यात वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास डिस्का जातात. घरच्या डिस्कला धक्के, उकाडा, वीज जाणं हे सगळं सोसावं लागतं, त्यामुळे तोच आकडा लावू नये. पण अंदाज येतो: बॅकअप न घेणाऱ्या बहुतेकांचं वर्षानुवर्षं काहीच बिघडत नाही. आपल्या बाबतीत असं होणार नाही असं माणूस धरून चालतो, हे मानसशास्त्र खरंच, पण मला ते दुय्यम वाटतं. गरज नाही हे त्याला स्वतःच्या अनुभवावरूनच पटलेलं असतं.

अनुभव हार्ड डिस्कच्या जमान्यातला आहे, हीसुद्धा एक अडचण. हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते: कॉपी रखडते, टकटक आवाज येतो, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे (खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे शून्यावरून चढू लागतात. एसएसडी पुष्कळदा काही न सांगता बायोसमधूनच (मशीन सुरू होताना डिस्क शोधणारा प्रोग्रॅम) नाहीशी होते. आणि खोडलेल्या फाइली परत काढणं ट्रिममुळे (खोडलेली जागा पुसून ठेवण्याची सोय) एसएसडीवर जवळपास अशक्य. लोकांच्या डोक्यात मात्र "रिकव्हरीवाला काढून देतो" हेच बसलंय.

डोंगरवाट

बिनतारींना +१. एक भर: "सगळ्याचा बॅकअप घ्या" म्हटलं की माणूस जागीच थबकतो. २०० जीबीत काय काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. आधी आवरू, मग घेऊ असं ठरतं, आणि आवरणं काही होत नाही. म्हणून आवरायला सांगायचंच नाही. "नवीन फोल्डर (३)" सकट पसारा आहे तसा उचलायचा.

तुमच्या नमुन्याला १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क पुरे. जुन्या आवृत्त्या ठेवायला जागा लागते, म्हणून डेटाच्या निदान दुप्पट हवीच. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) फॉरमॅट करा आणि त्याच वेळी डिस्कला नाव द्या, समजा "राखण". हे नाव पुढे लागणार आहे.

पेनड्राइव्ह नको. तो बऱ्याचदा एफएटी३२ या जुन्या मांडणीचा असतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. स्वस्तातला सेकंदाला १० एमबीने लिहितो, म्हणजे २०० जीबीला साडेपाच तास. हार्ड डिस्क यूएसबी ३ वर १०० एमबीच्या आसपास जाते: मोठ्या फाइली असतील तर पाऊण तासाच्या आत काम होतं, हजारो बारीक फाइली असतील तर कित्येक पट वेळ जातो. पोर्ट बघून लावा. यूएसबी २ मध्ये लावली तर वेग ३५ वर येतो. पहिली कॉपी नेहमीच रेंगाळते, ती देखभाल करणाऱ्यानेच करून द्यावी. मालकाने पहिल्याच दिवशी तीन तास हिरवी पट्टी बघितली की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही.

फाइल हिस्टरी वापरायची असेल तर ती कंट्रोल पॅनलमध्ये सापडेल. डीवरचं फोल्डर ती आपणहून घेत नाही. त्यावर राइट क्लिक करून "शो मोअर ऑप्शन्स"मधून "इन्क्लूड इन लायब्ररी" करावं लागतं. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जुन्या आवृत्त्या "फॉरएव्हर" ठेवायच्या असं मुळात असतं, ते "अंटिल स्पेस इज नीडेड" करा. नाहीतर डिस्क भरते आणि बॅकअप गुपचूप थांबतो.

मी मात्र फ्रीफाइलसिंक (दोन फोल्डर जुळवून कॉपी करणारा प्रोग्रॅम) लावतो. डावीकडे डीवरचं फोल्डर, उजवीकडे डिस्क. उजवीकडे ड्राइव्हचं अक्षर लिहू नका. आज ई असेल, उद्या आधी पेनड्राइव्ह लावला की एफ होईल. अक्षराच्या जागी चौकटी कंसात डिस्कचं नाव लिहिलं की ते नावाने शोधतं. प्रकार "मिरर" (उजवीकडे हुबेहूब नक्कल) निवडा, पण खोडलेल्या फाइलींसाठी "व्हर्जनिंग" (जुनी प्रत बाजूला ठेवणं) चालू करून वेगळं फोल्डर आणि वेळेचा शिक्का द्या. नुसता मिरर घातक: इथे चुकून उडालेलं फोल्डर तो पुढच्या फेरीत तिथूनही उडवतो. "अपडेट" खोडत नाही, पण बदललेली फाइल जुनीवर लिहितोच, तेव्हा व्हर्जनिंग तिथेही लागतं.

हे बॅच जॉब (ठरलेलं काम आपोआप करणारी फाइल) म्हणून सेव्ह करा. सोबत येणाऱ्या रिअलटाइमसिंकला नजर ठेवायला त्या डिस्कचा पत्ता द्या आणि त्याला स्टार्टअपमध्ये टाका. डिस्क जोडली की काम सुरू. माणसाच्या वाट्याला वायर लावणं आणि "सेफली रिमूव्ह" करून काढणं एवढंच उरतं.

डिस्क कायम जोडलेली असेल आणि टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) वापरणार असाल, तर दोन खुणा तपासा. "कंडिशन्स"मध्ये एसी पॉवर असेल तरच चालव, ही खूण मुळातच असते, ती काढा. "सेटिंग्ज"मध्ये चुकलेली वेळ लवकरात लवकर भरून काढ, ही खूण मुळात नसते, ती करा. रविवारी सकाळी दहाला लावलेला बॅकअप वर्षभर न होण्याचं कारण बहुतेक वेळा या दोन खुणांतच असतं.

टॅलीप्राइमचा डेटा मुळात सी ड्राइव्हवर यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा असा बसतो. म्हणजे तो वनड्राइव्हच्याही बाहेर आणि फाइल हिस्टरीच्याही. तेवढा रस्ता वेगळा जोडा, आणि टॅली उघडं असताना फोल्डर कॉपी करू नका, अर्धवट नोंदी उचलल्या जातात. ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेनूतून बॅकअप घेतलेला बरा. आउटलुकची पीएसटी फाइलही (तिच्यात मेल असतात) तशीच, आउटलुक बंद केल्याशिवाय धड कॉपी होत नाही.

पाणपोई

डिस्क कायम जोडलेली ठेवूच नका. रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) दिसेल त्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद करतं, विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रतीही (शॅडो कॉपी) आधी पुसतं. घरगुती मशीनमध्ये ते बरेचदा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आणि फुकटच्या अ‍ॅक्टिव्हेटरमधून येतं. डीटीपीवाल्यांनी हे विशेष ऐकावं.

सिंक आणि बॅकअप यांतला फरक सांगायला २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या या व्हायरसहल्ल्याइतकं चांगलं उदाहरण नाही. न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल तेव्हा ठप्प झालं होतं. मेर्स्कचे जगभरचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांशी सिंक होते, म्हणजे एक गेला तर बाकीचे आहेत अशी सोय. सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण नेमकी तिथली वीज गेलेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. त्याच्यावरून सगळी घडी पुन्हा बसवली. तुमची कपाटातली डिस्क तुम्हाला याच कारणासाठी हवी आहे, फक्त तिच्यावर ताजा डेटा हवा.

दुसरी गोष्ट, कपाटही त्याच घरात असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. तळमजल्यावरचं मशीन आणि खालच्या खणातली डिस्क पाण्यात एकत्रच जातात. म्हणून दोन डिस्का घ्या. एक घरी, एक गावी किंवा बहिणीकडे. गणपतीत आणि मे महिन्यात जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल करा. डिस्क बाहेर ठेवणार म्हणजे कुलूप हवं. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर टू गो, नसेल तर व्हेराक्रिप्ट.

क्लाउडवर ठेवायचं तर आधी हिशेब करा. २० एमबीपीएस अपलोडने २०० जीबीला सलग २२ तास लागतात, रोज २ जीबीच्या मोबाइल डेटावर १०० दिवस. कागदपत्रं, टॅली आणि निवडक फोटो मिळून २० जीबी असतील तर त्याच लाइनवर सव्वादोन तास. सुरुवात तेवढ्यानेच करा.

खिळे_जुळारी

मराठी डीटीपीचं कुणीच बोललं नाही, म्हणून. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, कृतिदेव या फॉन्ट-सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलींत देवनागरी नसतेच, रोमन संकेतांवर बसवलेले आकार असतात. फाइल शंभर टक्के वाचली पण फॉन्ट गेला, तर पडद्यावर चिन्हांची खिचडी. म्हणून विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही बॅकअपमध्ये घ्या. विंडोज १० पासून फक्त एका यूजरपुरते टाकलेले फॉन्ट वेगळ्या जागी बसतात: त्या यूजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्समध्ये. अ‍ॅपडेटा मुळात लपवलेलं असतं, त्यामुळे ते हमखास सुटतं. छापून झालेल्या प्रत्येक पुस्तकाची फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ आणि शक्य तर युनिकोड (कुठेही वाचता येणारा) मजकूर सोबत ठेवा. पेजमेकर या जुन्या डीटीपी प्रोग्रॅमची फाइल उघडणारं मशीन दहा वर्षांनी मिळेलच असं नाही.

फाइलींची नावं मराठीत असतील तर आणखी एक. "प्रस्तावना"त आपल्याला चार अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर दहा मोजतो: जोडाक्षरातलं व्यंजन, हलन्त, काना सगळं वेगवेगळं. विंडोजच्या पुष्कळ प्रोग्रॅमांत पूर्ण रस्त्याला २६० ची मर्यादा आहे, ती फोल्डरात फोल्डर करत गेलं की मराठीत लवकर गाठली जाते. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट खातो. म्हणजे ८५ संकेत, संपलं. "अंतिम मुद्रितशोधन नंतरची सुधारित प्रत लेखकाने पाहिलेली" छापाची नावं आणखी लांबत गेली की तिथे अडतात आणि कॉपी करणारा प्रोग्रॅम ती वगळून पुढे जातो. लॉगमधला चुकांचा आकडा पाहायला हवा, "पूर्ण झालं" या शब्दांवर जाऊ नये.

कळफलक

बरंच मिळालं, आभार. डीचा मुद्दा अगदी पटला. एक शंका: एसएसडी ठीक आहे पण मदरबोर्ड गेला, तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावली की डेटा मिळतोच ना? ग्राहकांचा हा ठरलेला युक्तिवाद असतो. आणि बॅकअप खरंच चालतोय हे किती दिवसांनी तपासावं?

बिनतारी

पूर्वी मिळायचा, आता धरून चालू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (सगळी डिस्क कुलूपबंद करणं) बहुधा आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षेच्या भागाशी बांधलेली असते. एसएसडी दुसरीकडे लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं कुठल्या ईमेलवर उघडलंय हे पुष्कळदा दुकानदारालाच माहीत असतं. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे बघा. चालू असेल तर की आजच कागदावर छापून घ्या. हल्लीच्या मॅकबुकमध्ये तर स्टोरेज बोर्डावरच असतं, काढून लावायचा प्रश्नच नाही.

डोंगरवाट

तपासणी तीन महिन्यांनी पुरे, पण दुसऱ्या मशीनवर. डिस्क लावून तीन गोष्टी उघडा: सगळ्यात जुना फोटो, गेल्या आठवड्यातली एक्सेल, आणि टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करून. रिस्टोअर नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरात करा. चालू कंपनीच्या जागी केलात तर बॅकअपनंतरच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील.