बिल 31 चं, गठ्ठे आले 2 ला, एन्ट्री कधीची?

गांधीबागवाला: भाऊ लोकं, आपलं साड्यांचं होलसेल आहे. सुरतच्या पार्टीचं 48,000 चं बिल 31 तारखेचं अन् गठ्ठे ट्रान्सपोर्टातून सोडवून हातात आले पुढच्या महिन्याच्या 2 ला, आता महिना बंद करताना परचेस कधीचा टाकू? वरून एका गिऱ्हाईकाने 30 ला नेलेल्या 6 साड्या परत आणल्या, मी बिलच डिलीट करून टाकलं, चालते ना?

टॅलीताई: डिलीट नका करू हो!! नंबरची सिरीज तुटते, क्रेडिट नोट (माल परत आल्याची, बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी) बनवा अन् साड्या कॉस्टनं, म्हणजे खरेदीच्या भावानं, स्टॉकात परत घ्या, विक्रीच्या भावानं नाही. गठ्ठ्यांचं म्हणाल तर सुरतेतून निघाल्यावर जोखीम तुमची असेल तर परचेस 31 लाच, पण क्लोजिंग स्टॉकमध्ये (महिनाअखेरच्या शिल्लक मालात) 'वाटेतला माल' म्हणून धरा, नाहीतर नफा तेवढाच कमी दिसंल.

जुना मुनीम: जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) मात्र माल हातात आल्यावरच, म्हणजे पुढच्या महिन्याच्या थ्रीबीत (GSTR-3B रिटर्नमध्ये). अन् 31 पर्यंतच्या कामाचे हमालाचे, गाडीभाड्याचे पैसे द्यायचे राहिले असतील तर तेही 31 लाच देणं दाखव राजा, सगळे तेच विसरतात.

गांधीबागवाला: हमाली राहिलीच होती बाप्पा 😅 बॅकअपमधून डिलीट केलेलं बिल परत काढतो