बाबांच्या डिस्चार्ज बुकात (फौजेतून घरी येताना मिळालेली सेवेची पुस्तिका) 'पूर्वी स्टार' (१९७१ च्या पूर्व आघाडीचं पदक) नाही, वूंड मेडलही (जखमेचं पदक) नाही. नोंद कशी करून घ्यायची?

मानेवाड्याची_लेक

नमस्कार. माझे बाबा १९६६ साली भरती झाले आणि १९८३ मध्ये हवालदार म्हणून पेन्शन आले. १९७१ च्या डिसेंबरात त्यांची पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या अखौऱ्याच्या बाजूला होती. तिथे तोफगोळ्याची कपची त्यांच्या डाव्या मांडीत शिरली. आगरतळ्याला प्राथमिक इलाज झाला, पुढचा गुवाहाटीला. मांडीचा व्रण अजून स्पष्ट दिसतो. थंडी पडली की त्यांना जिना चढता येत नाही.

विजय दिवसाच्या सत्कारासाठी एक फॉर्म भरायचा होता. त्यात 'मिळालेली पदके' असा रकाना आहे. म्हणून त्यांचं डिस्चार्ज बुक नीट वाचलं. मेडलच्या जागी फक्त संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल लिहिलं आहे. पूर्वी स्टार नाही, वूंड मेडल नाही. त्यांच्यासोबतचे जे काका भंडाऱ्याला राहतात, त्यांच्या बुकात पूर्वी स्टार आहे. दोघं एकाच कंपनीत होते.

मी एका कार्यालयात चौकशी केली. खिडकीवरच्या माणसानं बुक उघडलंही नाही. "इतक्या वर्षांनी काही होत नाही," असं म्हणून परत पाठवलं. एका ओळखीच्यांनी सुचवलं, दुकानातून स्टार घ्या आणि लावून द्या, कोण पाहतं! मला ते पटत नाही. जे त्यांचं आहे ते त्यांच्या नावावर कागदात दिसावं, इतकंच मला हवं आहे.

बाबा म्हणतात, "राहू दे ना बाप्पा, मी होतो तिथं, मला माहीत आहे." पण मला ते राहू द्यायचं नाही. माझी मुलं, त्यांची मुलं ते बुकच पाहतील. सुरुवात कुठून करू? कोणाला लिहू? कोणते कागद लागतील?

कामठीच्या_मावशी

ताई, आमच्या ह्यांच्या नावातली चूक दुरुस्त करताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून खूप मदत झाली. अर्ज त्यांच्यामार्फत पाठवला की पत्राला आवक-जावक नंबर मिळतो, मागोवा घेता येतो. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार, सगळ्याच्या झेरॉक्स न्या. मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही टेबलावर ठेवून येऊ नका. दाखवायचं आणि परत पिशवीत घालायचं.

रिटायर्ड_क्लार्क_साहेब

ताई, मी फौजेत क्लार्क होतो आणि नोकरीचा मोठा भाग रेकॉर्ड ऑफिसच्या डॉक्युमेंटेशन सेक्शनला काढला. त्यामुळे जरा लांब लिहितो, वाचून घ्या.

पहिली गोष्ट. डिस्चार्ज बुकात नाही म्हणजे रेकॉर्डला नाही, असं समजू नका. मूळ कागद म्हणजे शीट रोल, जवानाच्या सेवेची सगळी नोंद असलेला, तो रेकॉर्ड ऑफिसात असतो. डिस्चार्ज बुक त्यावरून भरलेलं असतं, आणि ते भरणारा माणूस एका दिवसात कितीतरी बुकं भरत असे. शीट रोलवर शेरा आहे पण बुकात उतरलाच नाही, अशी प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत. काही वेळा मेडल मंजूर व्हायलाच वेळ लागला आणि जवान तोवर घरी गेलेला. तेव्हा "माझ्या बाबांना मेडल द्या" असा पहिला अर्ज करूच नका. पहिला अर्ज असा करा: माझ्या शीट रोलची सत्यप्रत द्यावी आणि माझ्या नावे कोणकोणती मेडल्स नोंदलेली आहेत ते लेखी कळवावं. उत्तरात पूर्वी स्टार दिसला तर तुमचं काम निम्म्याहून जास्त झालं. मग फक्त बुकात नोंद आणि मेडल, एवढंच मागायचं राहतं.

दिसला नाही, तर मग पार्ट टू ऑर्डरकडे वळायचं. फौजेत जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट पार्ट टू ऑर्डरनं नोंदली जाते. लग्न, मूल, सुट्टी, प्रमोशन, जखम, मेडल, सगळं. युनिट ऑर्डर काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथला क्लार्क शीट रोलवर चढवतो. मेडलची नोंद नसेल तर यातली एखादी पायरी सुटलेली असते. जवानाची चूक नसते त्यात. त्याला तर ती ऑर्डर बहुतेक वेळा पाहायलाही मिळत नाही.

आता पुरावे. दोन्ही मेडलचे वेगळे आहेत, मिसळू नका.

पूर्वी स्टार पूर्वेकडच्या आघाडीवर होते त्यांना, पश्चिमी स्टार पश्चिमेकडच्यांना. संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या संख्येला मिळालं, त्यावरून माणूस कुठल्या आघाडीवर होता ते कळत नाही. म्हणून बाबा त्या दिवसांत पलटणीसोबत पूर्वेला होते, हेच दाखवायचं आहे. भंडाऱ्याच्या काकांच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स घ्या. एकच पलटण, एकच कंपनी, त्यांना मिळालं, यांना नाही, हे एका ओळीत लिहा आणि काकांचा आर्मी नंबर द्या, त्यांची परवानगी घेऊन. आणि घरात जुनी पत्रं आहेत का बघा. त्या वेळची अंतर्देशीय पत्रं आईनं जपून ठेवली असतील. पत्त्यात '९९ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर ती पूर्वेकडची डाक, '५६ एपीओ' उत्तर-पश्चिमेकडची. त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो, नंबर आणि तारखेसकट. तेवढ्यानं मेडल मंजूर होत नाही, पण कोणत्या महिन्याच्या ऑर्डर काढून बघायच्या ते क्लार्कला कळतं, आणि खरं काम तिथूनच पुढं सरकतं.

वूंड मेडल १९७३ साली सुरू झालं, पण आधीच्या लढायांतल्या जखमाही त्यात धरल्या जातात. तेव्हा १९७१ ची जखम चालते. अट एकच, जखम शत्रूच्या थेट कारवाईत झालेली हवी. त्यासाठी व्रण दाखवून भागत नाही, कागद लागतो. तीन ठिकाणी शोधा. बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत जखमी, म्हणून निघालेली पार्ट टू ऑर्डर. हॉस्पिटलची दाखल आणि डिस्चार्जची चिठ्ठी. आणि पेन्शन येताना झालेल्या मेडिकल बोर्डाचा कागद, एएफएमएसएफ-१६, ज्यात जुनी जखम कधीची, कशामुळे हे लिहिलेलं असतं. त्यांची मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) काही काळ खाली आली होती का, तेही विचारा. आली असेल तर त्याचीही ऑर्डर निघालेली असणार.

रेकॉर्ड ऑफिस कोणतं ते रेजिमेंटवर आहे. महार रेजिमेंट असेल तर सागर, गार्ड्स असतील तर आपल्या इथलंच कामठी, मराठा असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, सिग्नल असेल तर जबलपूर. पाकिटावर आर्मी नंबर, रँक, नाव हे डिस्चार्ज बुकात आहे तसंच लिहा, आधारवर आहे तसं नाही. फौजेत माणूस नंबरवरून सापडतो. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर अर्जात एक ओळ लिहून ठेवा.

दुकानातलं मेडल घेतलं नाही ते फार बरं केलं. सरकारी मेडलवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, संग्राम मेडलची कड भिंगाखाली धरून बघा. दुकानातल्यावर ते नसतं. ज्या माणसानं मांडीत लोखंड घेतलं, त्याच्या छातीवर बिननावाची वस्तू लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मानेवाड्याची_लेक

काका, किती आभार मानू! आईच्या ट्रंकेत पत्रं सापडली. दोन पत्रांवर ९९ एपीओ आहे आणि एकाचा शिक्का वाचता येतो, डिसेंबर ७१. बाबांनी ती पत्रं हातात घेतली आणि कंपनीतल्या सगळ्यांची नावं एकेक करून सांगत बसले. आतापर्यंत ते इतकं कधी बोलले नव्हते.

दोन शंका आहेत. अर्ज माझ्या नावानं करू की त्यांच्या? आणि एक भाऊ म्हणत होते की मेडल चढलं की दरमहा पैसे सुरू होतात. आम्हाला पैशासाठी करायचं नाही, पण खरं काय ते माहीत असावं.

वर्धा_रोड_चा_मुलगा

ताई, तुमचे बाबा पेन्शनर आहेत म्हणून कागद असण्याची आशा मोठी आहे. माझे वडील पेन्शनशिवाय, थोड्या वर्षांच्या सेवेनंतर घरी आले होते. त्यांच्या बाबतीत कळलं की पेन्शन नसलेल्यांची सेवा-कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, लाँग रोल तेवढा ठेवतात. लाँग रोलमध्ये भरतीची आणि घरी जाण्याची तारीख, असं मोजकंच असतं. त्यांचं सैन्य सेवा मेडल, जम्मू-काश्मीरच्या क्लास्पचं (फितीवरच्या पट्टीचं), आम्हाला शेवटी त्यांच्याच जुन्या सुट्टीच्या सर्टिफिकेटवरच्या शेऱ्यावरून दाखवता आलं. तो कागद घरात होता म्हणून जमलं. वाचणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे, वडिलांच्या पेटीतला एकही खाकी कागद रद्दीत देऊ नका. आज काही कामाचा वाटत नसला तरी राहू द्या.

रिटायर्ड_क्लार्क_साहेब

ताई, अर्ज बाबांच्याच नावानं आणि त्यांच्याच सहीनं. मजकूर तुम्ही टाइप करा, खाली आर्मी नंबर, रँक, नाव आणि सही त्यांची. हात थरथरत असेल तर अंगठा चालतो, पण बाजूला दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पत्रव्यवहारासाठी तुमचा मोबाइल नंबर द्या. ते हयात असताना मुलीनं स्वतःच्या नावानं मागितलं तर माहिती वैयक्तिक आहे म्हणून कागद परत येऊ शकतो, आणि मग वेळ जातो.

पैशाचं असं आहे. दरमहा भत्ता शौर्यपदकांना असतो. १ ऑगस्ट २०१७ पासूनच्या दरानं परमवीर चक्राला २०,०००, वीर चक्राला ७,००० आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये. शौर्यपदकाची नोंद भारताच्या राजपत्रात येते, त्यामुळे तिथं पुरावा राजपत्राचा. पूर्वी स्टार आणि वूंड मेडल हे त्यात बसत नाहीत, त्यांना भत्ता नाही. जखमेवरून पेन्शनचा काही दावा बसतो का, हा वेगळा विषय. तो या अर्जात अजिबात आणू नका. एकाच कागदात दोन मागण्या आल्या की तो दोन सेक्शनमध्ये फिरतो आणि कुठंतरी थांबतो.

अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, एक प्रत सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. उत्तरच आलं नाही तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपये फी भरून, तोही बाबांच्याच नावानं, नेमके दोन प्रश्न विचारा: शीट रोलवर मेडलच्या कोणत्या नोंदी आहेत, आणि माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "मेडल का दिलं नाही" असं विचारू नका, तिथं कारणं मिळत नाहीत, कागद मिळतात. लेखी नकार आला तर तो जपून ठेवा. सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायचं ठरलं तर महाराष्ट्राची प्रकरणं मुंबईच्या पीठाकडे जातात, आणि अंतिम नकारापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. पण एकाच कंपनीतला दुसरा जवान स्टारसह बसला आहे, तेव्हा तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

पत्रांची मूळ प्रत पाठवू नका, झेरॉक्स पाठवा, शिक्का उठून दिसेल अशी. आणि बाबांनी ज्या कंपनीवाल्यांची नावं सांगितली ती आजच लिहून घ्या, जमेल तेवढ्या आर्मी नंबरांसकट. त्यातले दोघं-तिघं हयात असले तर त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घेता येईल, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या बुकात स्टार सुटला असेल तर त्यांचंही काम यासोबत होऊन जाईल. अर्जाचा मसुदा इथं टाका, नंबर आणि नाव झाकून. मी वाचून सांगतो. तुमच्या बाबांना माझा जय हिंद कळवा.