बदली प्रायश्चित्त: आन्सेल्म आणि कॅल्व्हिन एकच सांगतात का?

प्रश्न: ख्रिस्त 'आपल्या जागी' मेला, ही 'बदली प्रायश्चित्ता'ची शिकवण मध्ययुगीन ईश्वरशास्त्रज्ञ आन्सेल्मपासून सुरू झाली असं वाचलं. मग सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याने नवीन काय मांडलं? आणि बायबलमधल्या लेवीय १६ मधला, पापं वाहून नेणारा बकरा इथे कितपत लागू होतो?

उत्तर १: गल्लत होते ती इथेच. आन्सेल्मच्या (१०९८) मांडणीत पापामुळे देवाच्या मानाचं देणं थकतं. ते फेडा, नाहीतर शिक्षा भोगा. ख्रिस्त ते फेडतो, म्हणून शिक्षा टळते. कॅल्व्हिनचं चित्र न्यायालयाचं: शिक्षा टळत नाही, ख्रिस्त ती भोगतो. 'आपल्या जागी' ही कल्पना मात्र दोघांहून जुनी. यशया ५३ आणि मार्क १०:४५ मधली 'खंडणी' पाहा.

उत्तर २: लेवीय १६ मध्ये बकरे दोन आहेत, हे प्रवचनांत हमखास निसटतं. एकाचा वध करून रक्त दयासनावर (कराराच्या कोशाच्या झाकणावर) शिंपडतात. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून पापं कबूल करतात आणि त्याला जिवंतच अरण्यात सोडतात. म्हणजे पापं वाहून नेणारा बकरा तिथे मारला जात नाही! नुसत्या या अध्यायातून 'शिक्षेची बदली' काढणं अवघड. रोमकरांस ३:२५ मध्ये ख्रिस्ताबद्दल वापरलेला 'हिलास्तेरिओन' हा ग्रीक शब्द मात्र सेप्टुआजिंटमध्ये (जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात) याच दयासनासाठी येतो.

उत्तर ३: 'चिडलेल्या बापाने निर्दोष मुलाला मारलं' हे या शिकवणीचं विडंबन. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) बाजूला ठेवलं की असं होतं. योहान १०:१८ मध्ये ख्रिस्त आपण होऊन प्राण देतो.