बैरूतची वर्तमानपत्रं मोकळी होती, की फक्त मालक पुष्कळ होते?

समुद्रकाठ
अरब देशांतल्या पत्रकारितेचा विषय निघाला की लेबनॉनचं कौतुक ठरलेलं. कैरो, दमास्कस, बगदादमध्ये जे छापता यायचं नाही ते बैरूतमध्ये छापलं जायचं, हे खरं. पण त्या छपाईचा खर्च कोण उचलत होतं? नासरचा इजिप्त, सौदी, इराक, लिबिया, सगळ्यांनी तिथल्या पत्रांत पैसा ओतला. एके काळचे राष्ट्राध्यक्ष शार्ल हेलू यांचा किस्सा तिथे अजून सांगतात: आपल्याच देशाच्या पत्रकारांचं शिष्टमंडळ भेटीला आलं, तेव्हा 'तुमच्या दुसऱ्या मायदेशात स्वागत' असं ते म्हणाले म्हणे.

परवान्यांचं बघा. १९५३ च्या फर्मानानुसार राजकीय दैनिकांची संख्या २५ वर उतरेपर्यंत नवा परवाना द्यायचा नाही. त्यामुळे नवं दैनिक काढायचं तर कुणाचा तरी जुना परवाना विकत घ्यायचा. १९९६ मध्ये टीव्हीचे परवाने दिले तेही पुढाऱ्यांना वाटून: तेव्हाचे पंतप्रधान रफीक हरीरींचं फ्यूचर टीव्ही, संसदेचे सभापती बेर्री यांच्या गोटाचं एनबीएन. याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही, ती मालकांची चढाओढ होती. पैसा आटला आणि पत्रं पटापट मिटली. 'अस-सफीर' २०१६ च्या अखेरीस, 'अल-अन्वर' २०१८ मध्ये, 'अल-मुस्तक्बल'ची छापील आवृत्ती २०१९ मध्ये, इंग्रजी 'डेली स्टार' २०२१ मध्ये.

खिळेजुळारी
साफ असहमत. विकल्या गेलेल्या पत्रकाराला मारायला कुणी गाडीत बॉम्ब ठेवत नाही. 'अल-हयात'चे संस्थापक कामिल म्रुवे यांना १९६६ मध्ये त्यांच्याच कचेरीत गोळ्या घातल्या. १९८० मध्ये 'अल-हवादिस'चे सलीम अल-लौझी यांचं प्रेत सापडलं तेव्हा त्यांचा लिहिता हात आम्लानं जाळलेला होता. २००५ हे एकच वर्ष घ्या. जूनमध्ये 'अन-नहार' दैनिकाचे स्तंभलेखक समीर कसीर गाडीतल्या बॉम्बनं गेले, सप्टेंबरमध्ये एलबीसी वाहिनीच्या निवेदिका मे शिदियाक यांचा बॉम्बमध्ये हात आणि पाय गेला, १२ डिसेंबरला 'अन-नहार'चे प्रमुख जिब्रान तुएनी तसेच मारले गेले. दुसऱ्या दिवशीच्या अंकाचा मथळा होता की जिब्रान मेलेले नाहीत आणि 'अन-नहार' चालू राहील. त्यांचे वडील घस्सान तुएनी ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. मुलाच्या अंत्यविधीत त्यांनी सूड आणि द्वेष गाडून टाका असं सांगितलं, आणि पेपरची सूत्रं पुन्हा हाती घेतली. या माणसाच्या पेपरला 'मालकांची चढाओढ' म्हणवत नाही मला.

आणि समजा चढाओढ होती. तरी वाचकाचं भलंच झालं. सकाळी 'अन-नहार' आणि 'अस-सफीर' दोन्ही घेतले की एकाने दडवलेलं दुसऱ्यात सापडायचं. शेजारच्या सीरियात 'बाथ', 'तिश्रीन' आणि 'अस-सौरा' तिन्ही घेऊन वाचले तरी सरकारचंच म्हणणं तीनदा वाचायला मिळायचं.

आखाती मराठी
मी दुबईत जाहिरात क्षेत्रात आहे. आमच्याकडे आर्टवर्क बघणारा सहकारी बैरूतच्या एका दैनिकात रात्रपाळीला पानं लावायचा. महिनोन्महिने पगार थकला. संपादक रोज 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचे आणि हा रोज पहिलं पान बांधून द्यायचा. शेवटी घरभाड्यासाठी देश सोडला. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी लेख कापला नव्हता. त्याला तुम्ही दोघं कुठल्या रकान्यात घालणार?

धंद्याची बाजू अशी. देश जेमतेम काही दशलक्ष वस्तीचा, त्यातही वाचक पंथांत विभागलेला. जाहिरातीचा मोठा पैसा आखातातून यायचा, तो दुबईकडे वळला. मग २०१९ पासून चलन कोसळलं. डॉलरला सुमारे १,५०० लेबनॉनी पौंड होते ते पुढे ८९,५०० वर गेले. कागद आणि शाई डॉलरमध्ये घ्यायची आणि अंक पौंडात विकायचा, तो कसा विकणार? 'अन-नहार'ने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकार बनत नाही म्हणून अख्खा अंक कोरा काढला होता. निषेध राजकारणाचा होता, पण आमच्या त्या सहकाऱ्याला त्या कोऱ्या पानांत आपली पगाराची पावती दिसली.

समुद्रकाठ
खिळेजुळारी, तुएनी पितापुत्रांपुढे मी हात जोडतो. पण धैर्य त्या माणसांचं होतं, व्यवस्थेचं नव्हे. मालक वेगवेगळे असले की सगळं बाहेर येतं, हे मला पटत नाही, कारण काही बाबतींत सगळ्या मालकांचं हित एकच असतं. बँका बघा. जाहिरातदार त्याच, पुढाऱ्यांचे पैसे त्यांच्यातच. केंद्रीय बँकेचे रियाद सलामे १९९३ ते २०२३ गव्हर्नर होते आणि बराच काळ त्यांचे गोडवेच गायले गेले. लोकांच्या ठेवी अडकल्यावर डोळे उघडले. सलामे आणि तेव्हाचे पंतप्रधान मिकाती यांच्या परदेशी कंपन्यांची माहिती २०२१ मध्ये पँडोरा पेपर्स या फुटलेल्या कागदपत्रांमधून आली, तेव्हा त्या शोधात लेबनॉनमधून सहभागी होतं 'दराज', २०१७ मध्ये पत्रकारांनी स्वतः सुरू केलेलं छोटं संकेतस्थळ.

खिळेजुळारी
एक गोष्ट सुटली तुमच्याकडून. 'अल-अखबार' २००६ पासून निघतं आणि सलामेंवर त्यानं वर्षानुवर्षे टीका केली.

समुद्रकाठ
केली, मान्य. पण ते हिजबुल्लाच्या बाजूचं पत्र. हिजबुल्लाच्या शस्त्रांबद्दल त्याच धारेनं लिहिलेलं त्यात दाखवा.

खिळेजुळारी
त्यासाठी 'अन-नहार' होतं की! हेच तर सांगतोय. एका पत्रात सगळं सत्य मिळेल असं मी कधी म्हटलंच नाही.

दीपमाळ
'दराज'ला पैसा कुठून येतो तेही बोला. मुख्यतः परदेशी संस्थांच्या अनुदानांतून. २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली तेव्हा अनेक देशांतल्या अशा छोट्या माध्यमांचे हाल झाले. वर्गणीवर बऱ्यापैकी तग धरला तो बैरूतच्याच फ्रेंच भाषेतल्या 'लोरियाँ-ल जूर' दैनिकानं, कारण पॅरिस-माँट्रियलमधला लेबनॉनी वाचक युरोत आणि डॉलरमध्ये पैसे देतो. लेबनॉनमधल्याच त्रिपोली शहराच्या गल्लीतल्या अरबी वाचकानं कशातून द्यायचे?

दुसरं, कायदा. छापील पत्रकारावर खटला भरायचा तर तो मुद्रण न्यायालयात, आणि निकालाआधी कोठडी नाही. चांगली तरतूद आहे. पण फेसबुकवर लिहिलं की सायबर गुन्हे शाखा चौकशीला बोलावते आणि 'पुन्हा असं लिहिणार नाही' अशा हमीपत्रावर सही मागते. ही दहशत मला जास्त घातक वाटते, कारण तिची बातमीसुद्धा होत नाही.

खिळेजुळारी
दीपमाळ, कायद्याबद्दल शंभर टक्के सहमत. नव्या माध्यम कायद्याचा मसुदा २०१० मध्ये मांडला, पुढे वर्षानुवर्षे समित्यांत फिरत राहिला. परवान्याची मर्यादा उठवा, बदनामी हा फौजदारी गुन्हा ठरवणारी कलमं काढा. पण समुद्रकाठ म्हणतात तसा पुढाऱ्यांचा पैसा माध्यमांतून हुसकायला निघालात, तर तो हुसकणार कोण? सरकारच ना? २००२ मध्ये निवडणूक प्रचाराचं निमित्त करून एमटीव्ही हे लेबनॉनी चॅनल बंद केलं, ते २००९ मध्ये परत सुरू झालं. ते अधिकार पुन्हा त्यांच्याच हातात द्यायचे?

समुद्रकाठ
हुसकायला मी सांगत नाही. फक्त उघड करा: कुठल्या पत्रात कुणाचे किती पैसे आणि कुठल्या बँकेचं कर्ज, हे दरवर्षी त्याच पत्रात छापायला लावा. बंद करण्याचा अधिकार कुणालाच नको.

आखाती मराठी
त्या यादीत थकलेले पगारही छापायला लावा.